उठणारी आणि बसणारी क्रियापदं

इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडे लोक दोन कामांसाठी येतात. एक, मुलाच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका तपासायला, तीही छापून झाल्यावर. आणि दुसरं, "मॅडम, माझं इंग्लिश अडकतं, काहीतरी करा," असं म्हणायला. पहिल्या कामात मी आता "छान आहे" म्हणते आणि पेढा घेते. दुसऱ्या कामाला मात्र मी घाबरते. समोरच्याचं कुठे अडकतं हे मला बोलण्याच्या आधीच माहीत असतं. माझंही आयुष्यभर तिथेच अडकत आलंय.

ते ठिकाण असं. इंग्रजीत एका क्रियापदामागे दुसरं क्रियापद आलं, की त्या दुसऱ्याला एक तर आधी 'टू' लावायचा, नाही तर शेवटी 'आयएनजी'. 'वॉन्ट' म्हटलं की पुढे 'टू गो'. 'एन्जॉय' म्हटलं की पुढे 'गोइंग'. पुस्तकात एकाला इन्फिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जेरंड. पण नावं पाठ करून काही होत नाही. कोणापुढे काय चालतं, हे पहिलं क्रियापद ठरवतं. आपल्याकडच्या सोयरिकीसारखंच आहे ते. 'डिसाइड'च्या घरात 'टू' चालतो, 'फिनिश'च्या घरात चालत नाही. का, असं विचारलं तर "आमच्यात तशीच पद्धत आहे" एवढंच उत्तर. काही घरांत दोन्ही चालतात, पण मग अर्थ बदलतो. 'ही स्टॉप्ड टू ईट' म्हणजे तो जेवायला थांबला. 'ही स्टॉप्ड ईटिंग' म्हणजे त्याने जेवणं थांबवलं. एक जण ताटावर बसतो, दुसरा ताटावरून उठतो.

तसं मराठीतही हे आहे. 'पोहायला आवडतं' म्हणतो, 'पोहणं आवडतं' असंही म्हणतो. पण 'जायचं ठरवलं' म्हणतो, 'जायला ठरवलं' कुणी म्हणत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आईच्या बोलण्यातून ते कानात बसलं. इंग्रजीच्या बाबतीत माझी हीच अडचण. मला यादी पाठ आहे, कान नाही.

मी जळगावजवळच्या असोद्याची. वडील केळी कापणाऱ्यांच्या टोळीत होते. घड खांद्यावर वाहून त्यांच्या सदऱ्याला चिकाचे काळे डाग पडलेले असायचे. ते डाग कशानेच जात नाहीत. घरात शिकलेलं कुणी नाही. मी पदवीपर्यंत पोचले ती वडिलांच्या हट्टामुळे आणि गावच्या एका गुरुजींमुळे. त्यांनी मला स्वतःचा शब्दकोश वर्षभर वापरायला दिला आणि परत मागायला विसरले. विसरले असं मी म्हणते. ते काहीच विसरणाऱ्यांतले नव्हते. बी.ए.च्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी न जेवता बसले होते. आई म्हणाली, "त्या इंग्रजीचं एवढं काय भ्याव तुले? ते काय चावते काय?"

चावत नव्हतं, पण गुरगुरायचं. मी नोकरीला लागले, पोरांना शिकवू लागले, तरी दुसरं क्रियापद जवळ आलं की मी थबकायची. वाक्याच्या मध्ये उभी राहून यादी आठवायची: होप, प्रॉमिस, डिसाइड, वॉन्ट... की अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप? बाहेरचं कुणी समोर असलं, शाळा तपासायला आलेले साहेब किंवा शहरातल्या इंग्रजी शाळेच्या बाई, तर मी वाक्यच बदलायची. "आय लाइक" म्हणून झालं आणि पुढचं सुचलं नाही, तर "आय लाइक टी" म्हणून मोकळी. त्यामुळे मला चहा फार आवडतो असा बऱ्याच साहेबांचा समज झाला. मी चहा घेत नाही.

पहिली नोकरी धुळ्याला. नववीचा वर्ग, दुपारचा तास, ऑक्टोबरचं ऊन. पोरं डबा खाऊन पेंगलेली. शाळेची इमारत जुनी, वरच्या मजल्याला लाकडी फळ्या. त्या दिवशी मी हीच दोन गटांची क्रियापदं शिकवत होते आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकामागून एक डोकी खाली जात होती. मला वाटलं, हे पोरांना आलं नाही तर चूक पोरांची नाही, माझी आहे. माझ्या जागी चांगल्या शाळेत शिकलेली बाई असती तर पोरं झोपली नसती. त्या धास्तीत मी ओरडले, "उठा सगळे!"

उठले. आता उठवलंय तर काय करायचं? मग सुचलं ते असं. जी गोष्ट अजून व्हायची आहे, ती बहुतेक वेळा 'टू' घेते. वॉन्ट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस: सगळं पुढचं. पुढे जायचं तर उठायला पाहिजे. आणि जी गोष्ट चालू आहे किंवा होऊन गेली आहे ती बहुतेक वेळा 'आयएनजी' घेते. एन्जॉय, फिनिश, कीप: त्यात माणूस आधीच बसलेला आहे. म्हणून 'टू' आला की उठायचं, 'आयएनजी' आला की बसायचं.

"होप!" मी ओरडले. वर्ग उभा. "फिनिश!" वर्ग खाली. "डिसाइड!" उभा. पेंगणारं एक पोरगं उरलं नाही. एक गुटगुटीत मुलगा धापा टाकत म्हणाला, "मॅडम, बठ्ठं समजनं, आते थांबा ना!" हे बोलून तो बसला तेव्हा मी 'प्रॉमिस' म्हटलं आणि त्याला पुन्हा उठावं लागलं.

दाराशी मुख्याध्यापक उभे होते. शर्टावर मातीचा थर. "बाई," ते म्हणाले, "खाली सातवीच्या पोरांच्या डोक्यात माती पडतेय. वर काय चाललंय, कवायत?"

"ग्रामर, सर."

त्यांनी एकदा छताकडे, एकदा पोरांकडे पाहिलं. "मग मैदानावर घ्या ते."

तेव्हापासून ती क्रियापदं मी मैदानावर घेऊ लागले. खेळाचे सर कुरकुरायचे, "मॅडम, पोरांचा घाम तुम्हीच काढता, मग आम्ही कशासाठी?" पण पोरांच्या उत्तरपत्रिका सुधारल्या. या पद्धतीत खोट होतीच. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, 'मॅनेज' म्हणजे जमलं. जमून गेलं ना? मग उठायचं कशाला?" मी म्हटलं, "तो 'टू' घेणारा फितूर आहे, त्याला वेगळा लक्षात ठेव." आणि रात्रभर तळमळले. उद्या कुणीतरी मोठा माणूस येऊन म्हणेल, बाई, हे शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे? असं कुणी आलं नाही. तरी वाट मी निवृत्त होईपर्यंत पाहिली.

शरीर काय विसरत नाही, हे मला पुढे कळलं. जळगावला बदली झाल्यावर मी एकदा धुळ्याहून एस.टी.ने येत होते. गाडीत गर्दी, मी दांडीला धरून उभी. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एका तरुणाला उठवून जागा मोकळी केली.

"मॅडम, डिसाइड?" तो म्हणाला.

मला ओळख पटेना.

"डिसाइड म्हणजे उभं, बरोबर ना? आता एन्जॉय. बसा!" आणि स्वतःच हसत सुटला. धुळ्याचा माझा जुना विद्यार्थी. नववीनंतर त्याचं इंग्रजी सुटलं ते सुटलंच, पण उठणं-बसणं तसंच राहिलं होतं. मला किती बरं वाटलं सांगू! बसच्या खिडकीशी बसून मी पारोळ्यापर्यंत एकटीच हसत होते. त्या आनंदात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही: त्याला ते उठणं-बसणं नकोसं झालं असतं, तरी ते गेलं नसतं.

निवृत्त झाल्यावर जळगावच्या घरी पुढच्या खोलीत मी चार खुर्च्या मांडल्या. येणारी माणसं आता मोठी होती. फैजपूरचे एक नाना यायचे, केळीचे व्यापारी. त्यांची केळी आखाती देशांत जायला लागली होती आणि तिकडच्या खरेदीदाराशी फोनवर बोलायचं होतं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "'वॉन्ट' आला की उठायचं, नाना."

नाना मांडी चोळत म्हणाले, "मॅडम, ग्रामर तुमचं शे, पन गुडघे माह्ये आहेत." फैजपूरचा माणूस 'आहे'ला 'शे' म्हणत नाही, ते मला धुळ्यावरून चिडवायला. "मले फक्त 'आय वॉन्ट टू सेल' एवढं येऊ द्या. बाकीचं केयी बोलतीन." केयी म्हणजे त्यांची केळी.

उठायच्या ऐवजी ते एक बोट वर करायचे. तेही त्यांनी लवकरच सोडलं. नंतर कधीतरी त्यांचं फोनवरचं बोलणं माझ्यासमोरच झालं. दहा चुका केल्या, दणदणीत आवाजात, आणि माल विकून टाकला. मी कपाळाला हात लावला. त्यातून काही शिकण्यासारखं होतं, असं मला तेव्हा वाटलं नाही.

मग तबस्सुम आली.

खरं तर मीच तिच्याकडे गेले होते. आमच्या ह्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कधी साधा ताप न आलेले. आडवे पडले तर सगळं घर आडवं झालं. दवाखान्यात त्यांच्या मजल्यावर तबस्सुम नर्स होती. धुळ्याची मुलगी. वडील पिंजारी, गाद्या भरायचं दुकान. कापसाच्या धुळीने त्यांची छाती कायम भरलेली. घराण्यातली ती पहिली शिकलेली. हे कळल्यावर माझा जीव तिच्यात जास्तच अडकला.

ह्यांना घरी सोडायच्या दिवशी तिने विचारलं, "मॅडम, काका म्हणतात तुम्ही इंग्लिशच्या टीचर. माझं इंग्लिश अडकतं."

तिला परदेशातल्या एका हॉस्पिटलात नोकरीसाठी मुलाखत द्यायची होती, कॉम्प्युटरवर. एकदा दिली होती. कामाचं सगळं बरोबर सांगितलं, पण शेरा आला: बोलताना फार थांबते. दुसरी संधी देणार होते. तिसरी नव्हती, हे एजन्सीच्या माणसाने तिला बजावून सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "तू तिकडे का जायचं म्हणतेस ते इंग्रजीत सांग."

"आय वॉन्ट..." ती थांबली. वर पंख्याकडे पाहिलं. ओठ हलले. मला माझंच तरुणपण समोर बसलेलं दिसलं. ती यादी आठवत होती! मी घाबरले. हा आजार माझा होता, आणि यावर औषध मला एकच माहीत होतं.

"तबस्सुम, 'वॉन्ट' म्हटलंस ना? उठ."

"मॅडम?"

"उठ तर."

ती उठली, आणि उठताना तिच्या तोंडून "टू वर्क" बाहेर पडलं. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. विचार करायचं काम पायांनी घेतलं की जीभ मोकळी होते. दोन महिन्यांत तिचं थांबणं बंद झालं. पुढच्या खोलीत माझी निरोप समारंभात मिळालेली वेताची खुर्ची आहे. ती उठताना कर्र वाजते आणि बसताना कुर्र. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असताना नुसत्या खुर्चीच्या आवाजावरून सांगायची, तबस्सुमचं वाक्य बरोबर आलं की नाही. हे पेपर वाचता वाचता म्हणायचे, "अगं, पोरीला नोकरी लावतेस की तिचे गुडघे घालवतेस?"

मुलाखत जवळ आली तेव्हा मी तिला म्हटलं, "आता फक्त मनात उठायचं." तिने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी गच्च धरल्या आणि बोलली. जमलं. पुन्हा बोलली. जमलं. मला वाटलं, झालं.

तिच्या खोलीवर इंटरनेट धड चालत नव्हतं, म्हणून मुलाखत आमच्याकडेच ठरली. तिच्या अम्मी सकाळच्या गाडीने धुळ्याहून आल्या. अट एकच होती: मुलाखतीच्या खोलीत दुसरं कुणी असता कामा नये, कुणी दिसलं किंवा कुणी सांगताना ऐकू आलं तर मुलाखत तिथेच रद्द. मी पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि अम्मी आणि मी स्वयंपाकघरात बसलो. कुकर बंद, मिक्सर बंद, माझा फोन पिठाच्या डब्यात. रस्त्यावरून कर्णे लावून जाणाऱ्या गाड्या अडवायला ह्यांना फाटकावर उभं केलं होतं.

आतून एका बाईचा आवाज आला, वयस्क, स्वच्छ इंग्रजी. मग एका पुरुषाचा. मग तबस्सुमचा, बारीक झालेला. नाव, शिक्षण, अनुभव. ठीक चाललं होतं.

बाईने विचारलं, तुम्हाला आमच्याकडे का यायचंय?

"आय वॉन्ट..."

कर्र.

ती मनात नाही, खरंच उठली होती.

"...टू वर्क इन अ बिग हॉस्पिटल."

कुर्र.

अम्मी कुजबुजल्या, "मॅडम, ये खुर्ची कायकू बोल रही?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"आय होप..." कर्र. "...टू लर्न न्यू थिंग्ज." कुर्र. आतली बाई काहीतरी म्हणाली. मी कान दाराला लावला. "सिस्टर, आय कान्ट सी युअर फेस." कॅमेरा टेबलावर होता. ती उठली की पडद्यावर तिचं डोकं जात असणार, आणि त्या परदेशी माणसांना नुसता दुपट्टा दिसत असणार.

"सॉरी, मॅम. आय विल ट्राय..." कर्र.

देवा! 'ट्राय'लाही तिने तसंच केलं.

अम्मी म्हणाल्या, "उठ कायकू रही वो? पेट में दुख रहा क्या?"

"नाही भाभी. मी शिकवलंय तसं करतेय."

"तुम्हीच शिकवलं?"

"हो."

अम्मींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. रागावल्या नव्हत्या. बस पकडून धुळ्याहून आलेली बाई, शिकलेल्या बाईवर भरवसा टाकून बसलेली. त्या नजरेत फक्त एवढंच होतं, की आता काय होणार ते तुम्ही सांगा. मला ते माहीत नव्हतं. चाळीस पोरांच्या वर्गाला मी उठवलं-बसवलं होतं, बसमधला कंडक्टर पाहून फुशारले होते, आणि या एका मुलीच्या पायांत मी काय भरून ठेवलंय ते मला आज ऐकू येत होतं.

त्याच वेळी फाटकावर भंगारवाल्याचा कर्णा वाजला. पाठोपाठ ह्यांचा आवाज: "ए भाऊ, बंद कर ते! आत पोरीची परीक्षा आहे!" आणि भंगारवाल्याचा: "बंदच करतो ना काका, तुमीच वरडता!"

आत बाईने विचारलं, "सिस्टर, तुमच्या खुर्चीला काही झालंय का?"

शांतता. तीच ती जुनी शांतता, पंख्याकडे बघणारी. माझा हात दाराच्या कडीवर गेला. मी आत जाऊन सांगणार होते की चूक तिची नाही, माझी आहे, तिला काम येतं, माझ्या घरच्या माणसाला तिनेच उभं केलंय. अम्मींनी माझं मनगट धरलं. "मत जाओ. अंदर कोई नहीं चाहिए बोले ना. आप गये तो खतम."

मी कडी सोडली.

तबस्सुम बोलली. "नो, मॅम. चेअर इज गुड. प्रॉब्लेम इज माय ग्रामर." आणि मग तिने सांगितलं, मोडक्या, घाईच्या इंग्रजीत, की माझ्या मॅडम अशा शिकवतात, पुढची गोष्ट असली की उठायचं, झालेली असली की बसायचं, मी मनात उठायची प्रॅक्टिस केली, पण मला भीती वाटली की पाय ऐकत नाहीत. आतला माणूस मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत, किंवा हसल्या असल्या तर मला ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "लीव्ह द ग्रामर, सिस्टर. टेल मी अबाउट वन पेशंट."

मी डोळे मिटले. पेशंटबद्दल काही आम्ही तयार केलं नव्हतं.

"वन अंकल," तबस्सुम म्हणाली. पोटाचं ऑपरेशन. वजनदार माणूस. पडून पडून पाठ लाल व्हायला लागलेली, म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. त्यांची बायको दोन दिवस झोपली नव्हती. दुपारी ती स्टुलावर बसल्या बसल्या झोपली, डोकं पलंगावर, आणि हात अंकलच्या दंडावर. वळवायची वेळ झाली. अंकलना वळवलं तर तिचा हात पडणार, ती जागी होणार.

मी कडीवरून काढलेला हात हवेतच राहिला होता.

तबस्सुम सांगत होती. तिने वॉर्डातल्या मावशीला बोलावलं, चादरीला दोन बाजूंनी धरलं, आणि अंकलना इतकं हळू वळवलं की बायकोचा हात दंडावरून पाठीवर आला, पण पलंगावर पडला नाही. "आय अव्हॉइडेड टू वेक हर," ती म्हणाली. "शी वॉज व्हेरी टायर्ड. इफ शी फॉल सिक, हू विल सी हिम?"

खुर्ची एकदाही वाजली नाही. ती बोलत राहिली, न थांबता, आणि खुर्ची गप्प होती.

ती दुपार मला आठवते. मी जागी झाले तेव्हा हे दुसऱ्या कुशीवर होते आणि माझा हात त्यांच्या पाठीवर होता. मी ह्यांना विचारलं, "तुम्ही वळलात?" हे ऐटीत म्हणाले, "मग! स्वतःहून." मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकाने सांगितलं होतं. बहिणीला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, तबस्सुमलाही सांगितलं. ती नुसती "वा काका!" म्हणाली होती.

अम्मींनी माझा चेहरा पाहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या घाबरून कुजबुजल्या, "क्या हुआ? गलत बोली क्या?"

'अव्हॉइड'च्या पुढे 'टू' चालत नाही. हे मी तिच्याकडून कितीदा घोटून घेतलं होतं. अव्हॉइड, वेकिंग. बसायचं.

"नाही भाभी," मी म्हटलं. "एकदम बरोबर बोलली."

थोड्या वेळाने दार उघडलं. तबस्सुमचा दुपट्टा घामाने गळ्याला चिकटला होता. ती आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, 'अव्हॉइड'ला मी 'टू' लावलं. लावलं ना?"

"लावलंस."

अम्मींनी माझ्याकडे पाहिलं. मी कुकर लावायला वळले.

निकाल यायला बरेच दिवस लागले. मी रोज तिला फोन करायची नाही असं ठरवायची आणि रोज करायची. हे म्हणायचे, "तू नको काळजी करू, होईल." मी म्हणायची, "तुम्ही बोलू नका. तुम्ही स्वतःहून वळणारे." पण एका संध्याकाळी ती स्वतःच फाटकाशी आली, हातात पेढ्यांचा पुडा. तिची निवड झाली होती. शेऱ्यात लिहिलं होतं की भाषा अजून सुधारायला हवी, मात्र रुग्णाची समज उत्तम आहे. पहिलं वाक्य मी तिच्यासाठी मोठ्याने वाचलं. दुसरं अम्मींना फोन लावून तिने स्वतः वाचलं, आधी इंग्रजीत, मग त्यांच्या बोलीत.

ती गेल्यापासून माझ्याकडे आणखी नर्स मुली येतात. तबस्सुमनेच सांगितलेलं असतं त्यांना. मी पद्धत थोडी बदलली आहे. सुरुवातीला खुर्च्यांवर उठबस करून घेते, आणि पाय शिकले असं वाटलं की खुर्च्या उचलून सतरंजी अंथरते. सतरंजीवरून कुणी सहज उठत नाही. मग तोंडालाच काम करावं लागतं. पेशंटची एक तरी गोष्ट रोज सांगायला लावते. त्यात चुका झाल्या तर मध्ये बोलत नाही, आणि हे मला अजून फार जड जातं. धास्ती गेलेली नाही. प्रत्येक मुलगी दार उघडून आत येते तेव्हा वाटतं, हिच्या पायांत मी आता काय भरणार आहे?

परवा नवीन मुलींचा तास होता. खुर्च्यांवर पाच जणी, मी फळ्याशी स्टुलावर. मीही त्यांच्याबरोबर उठबस करते, म्हणजे त्यांना लाज वाटत नाही. "होप!" सगळ्या उभ्या, मीही. "फिनिश!" सगळ्या खाली, मीही. "प्रॉमिस!" उभ्या. "अव्हॉइड!"

पाचही खुर्च्या कुरकुरल्या. मी उभीच होते.

पाचोऱ्याची एक मुलगी, नवीनच आलेली, भीतभीत म्हणाली, "मॅडम, अव्हॉइड आहे. बसायचं ना?"

"हो," मी म्हटलं. "बसते."